त्रेपन्न आणि चोपन्न यांच्या मध्ये

आमच्या अण्णांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टीचा अख्खा कायदा त्यांना इंग्रजीतून तोंडपाठ होता. हे सांगितलं की लोक हसतात. मीही पुष्कळ वर्षं हे हसण्यासाठीच सांगत आलो, आणि पुढचा भाग गाळत आलो. आता वय झालं, आता गाळण्यात काही अर्थ नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. नाशकात पंचवटीच्या बाजूला, गंगेकडे उतरणाऱ्या एका बोळात आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. अण्णा घनपाठी वैदिक होते. तेच शब्द सरळ, उलट, पुन्हा सरळ असे गुंफून म्हणायचे आणि एका स्वराचीही चूक होऊ द्यायची नाही, हे त्यांचं काम. बारा वर्षं गुरुजींच्या घरी राहून ते शिकले होते. मुंज झाल्यावर त्यांनी मलाही बसवलं, पण दोन वर्षांत मी त्यांना हात टेकायला लावले आणि माझी रवानगी इंग्रजी शाळेत झाली.

पुढे मी जिल्हा वकिलीच्या परीक्षेला बसलो, तेव्हाची गोष्ट. मी कोपऱ्यात बसून कलमं पुटपुटत होतो. अण्णा बाहेरून आले, उपरणं खुंटीला लावलं आणि म्हणाले, "हे काय चाललंय? असं कधी पाठ होतं का?" त्यांनी दोन पाट समोरासमोर मांडले. एकावर मला बसवलं, दुसऱ्यावर आपण बसले आणि तपकिरीची पितळी डबी मांडीशी ठेवली. "अर्थ तुझा तू बघ. मला नुसती अक्षरं दे."

मी एक वाक्य वाचायचं, त्यांनी दोनदा म्हणायचं, मग मी दहा वेळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. मी चुकलो की ते बोलत नसत, डबीवर नख वाजवत. टक्. मग मी थांबायचं, मागे जायचं आणि चूक दुरुस्त करून पुढे यायचं. कुठे चुकलो ते सांगत नसत, ते माझं मी शोधायचं. 'प्रोव्हायडेड दॅट' हे शब्द त्यांना विशेष आवडत. ते आले की मान अशी काही वर उचलत की ऐकणाऱ्याला वाटावं, आता एखादी देवताच प्रकट होणार. मी एकदा हसलो, तर टक् झालं. मी पहिल्या फटक्यात पास झालो आणि अण्णांनी घाटावरच्या यच्चयावत माणसांना सांगितलं की आमचा सबंध कायदा झाला. 'आमचा' म्हणाले, 'मुलाचा' नाही.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं मी नाशकाच्या कोर्टात वकिली केली, बरीचशी फौजदारी. जिल्ह्याच्या सनदेवर मुंबईच्या हायकोर्टात उभं राहता येत नसे. इथे जिंकलेलं प्रकरण अपिलात गेलं की तिथे दुसराच कोणी उभा राही आणि मी मागच्या बाकावर कागद पुरवायला. एकदा आमच्या बाजूच्या बड्या वकिलाने साक्षीदाराचं म्हणणंच उलटं सांगितलं. मी मागून त्याचा झगा ओढला, तर त्याने हात झटकला, माशी झटकावी तसा. आमचा अशील माझ्याकडे बघत राहिला. परतीच्या गाडीत मी ठरवलं की हायकोर्टाची अ‍ॅडव्होकेटची परीक्षा द्यायचीच. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "द्या बाई एकदाची. नाहीतर त्या झग्याची गोष्ट मला जन्मभर ऐकावी लागेल."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो तर अण्णांनी दोन पाट मांडलेले. डबी मांडीशी. त्या दिवसांत त्यांचं सगळं उतरणीला लागलं होतं, हे इथे सांगायला हवं. पुढचे दात गेले होते, दम पुरत नव्हता. वसंतपूजेला मंत्र म्हणायला बोलावणं येई, पण बसवत पंगतीच्या शेवटी, आणि म्हणायची वेळ आली की कोणी तरुण वैदिक त्यांच्या वरून आवाज काढी. त्या दिवशी घरी येऊन जेवत कमी. आणि आज हा माणूस ताठ बसला होता. "बघू या, राहिलंय का," असं म्हणून त्यांनी स्वतःच सुरुवात केली. नऊ वर्षांत एकदाही उजळणी नाही, पण एक अक्षर हललं नव्हतं.

माझ्या हातात पुस्तक होतं, नवं. मधल्या काळात सरकारने तो कायदा दुरुस्त केला होता. बऱ्याच ठिकाणी शब्द बदलले होते आणि काही कलमं नव्याने घातली होती. मला ते माहीत होतं, कुठल्याही वकिलाला होतं. अण्णा त्रेपन्नावं कलम संपवून न थांबता चोपन्नात शिरले, "सेल इज अ ट्रान्स्फर ऑफ ओनरशिप..." आणि माझ्या पुस्तकात त्या दोहोंच्या मध्ये एक सबंध कलम उभं होतं, त्रेपन्न-ए. मी तोंड उघडलं. अण्णा डोळे मिटून म्हणत होते, चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी रंग आला होता. मी तोंड मिटलं. उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं.

तो उद्या काही आला नाही. बायको रोज विचारी, "सांगितलंत मामंजींना?" मी म्हणे, "सांगेन." ती इंग्रजी चार यत्ता शिकलेली होती, तिने माझं पुस्तक चाळून बघितलं होतं. एकदा मी आडून विषय काढला. म्हटलं, "अण्णा, सरकार कायदे बदलतं हो मधूनमधून." ते म्हणाले, "बदलेल की. मग तो दुसरा झाला. हा हाच." आणि डबी उघडून तपकीर ओढली. ज्या माणसाने आयुष्यभर एकच मजकूर सांभाळला, तो कुणी बदलू शकतं हेच ज्याच्या गावी नाही, त्याला मी काय सांगणार होतो? निदान मी स्वतःची अशी समजूत घातली. खरं कारण साधं होतं, मला त्यांची भीती वाटे. तिशी उलटलेला वकील, कोर्टात फौजदाराला घाम फोडणारा, आणि त्या डबीपुढे आठ वर्षांचा होई.

मग मी एक शहाणपणा केला. पहाटे अण्णांसमोर जुना पाठ म्हणायचा आणि संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर गंगापूर रोडला जाऊन नवा वाचायचा. तेव्हा तिकडे मळेच मळे. एका माळ्याचं मारामारीचं प्रकरण मी सोडवलं होतं, त्याच्या विहिरीच्या कठड्यावर मी बसे. तो मेथीच्या जुड्या बांधत बसलेला असे. एकदा म्हणाला, "वकीलसायेब, जरा हळू म्हना. मोटेचा बैल बुजतोय."

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "हे रोज काय म्हनता?" मी त्रेपन्न-एच वाचत होतो. म्हटलं, "समज, तू जमीन घ्यायचा करार केलास. कागद लिहिला, मालकाने सही केली, तुला ताबा दिला, तू तुझं बोलणं पाळलंस. फक्त खरेदीखत रजिस्टर व्हायचं राहिलं. आणि मग मालक फिरला, म्हणाला, चालता हो. तर त्याला तुला हुसकता येत नाही."

त्याच्या हातातली जुडी तशीच राहिली. "खरंच नाय काढता येत?"

"नाही."

"लय बरं हाय. कवापासून हे?"

"झाली असतील पाच-सहा वर्षं."

"आन् आमाला कुनी सांगितलंच नाय," तो म्हणाला. तो सरकारविषयी बोलत होता. मी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी पुढे वाचलं नाही.

दोन पाठ एका डोक्यात नीट राहत नाहीत. वाचलेलं आणि म्हटलेलं यांची लढाई लागली की म्हटलेलं जिंकतं, हे मला समजायला हवं होतं. कोर्टात एका किरकोळ दिवाणी कामात मी जुना शब्द बोलून गेलो, समोरच्या वकिलाने हसून दुरुस्त केलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "तुम्ही मामंजींचा मान राखताय, की स्वतःची कातडी?" मी ताट सरकवून उठलो.

आठ महिन्यांनी मुंबईला गेलो. निघताना अण्णांनी हातावर दही ठेवलं आणि म्हणाले, "घाबरू नकोस. अक्षर न् अक्षर बसलंय." तिसऱ्या दिवशी मालमत्तेच्या कायद्याचा पेपर होता. पहिलाच प्रश्न असा: एकाने लेखी करार करून जमीन ताब्यात घेतली, पैसे भरले, खरेदीखत रजिस्टर झालेलं नाही, मालक आता त्याला काढू पाहतो. काढता येईल का? मला वाटलं, देव पावला. लिहायला घेतलं. हात चालत होता आणि कानात अण्णांचा आवाज, त्रेपन्न संपलं, चोपन्न सुरू. विक्री म्हणजे मालकीचं हस्तांतरण, ते रजिस्टर दस्तानेच. दस्त नाही, म्हणून मालकी नाही, म्हणून काढता येईल. पाऊण पान भरून लिहिलं, वळणदार अक्षरात, खाली रेघ मारून.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात दोन उमेदवार बोलत होते. एकजण म्हणाला, "त्रेपन्न-एने तर कमालच केली, फुकटचे मार्क." माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकाचं ते पान नाही, तो माळी आला, हातात मेथीची जुडी घेऊन. त्याला मी विहिरीवर बसून सांगितलं होतं की नाही काढता येत. आणि इथे पाऊण पान भरून त्याला बाहेर काढून आलो होतो.

निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास, त्या एकात नापास. नियम असा की सगळे विषय पुन्हा द्यायचे. मी घरी सांगितलं तेव्हा अण्णा संध्या आटपून पाटावरच होते. समजावणीच्या सुरात म्हणाले, "तुझं लिहिण्यात काहीतरी अडलं असेल. पाठांतरात नक्की नाही."

मला तेवढं पुरलं. मी ओरडलो, "पाठांतरातच अडलं! तुमचा पाठ जुना आहे, अण्णा. कायदा बदलून किती वर्षं झाली. त्रेपन्नानंतर चोपन्न येतच नाही आता. मध्ये एक कलम आहे, त्यावरच प्रश्न होता, आणि मला आठवली ती तुमची डबी!"

बायको स्वयंपाकघरातून दारात आली. अण्णा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता चिडतील. मला तर तेच हवं होतं.

"तुला हे कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "पहिल्या दिवशी," मी म्हणालो.

"म्हणजे आठ महिने मी चुकीचं म्हणत होतो, आणि तू समोर बसून ऐकत होतास."

मी त्यांच्या मांडीजवळच्या डबीकडे बघू लागलो.

"आमच्या गुरुजींकडे चुकणाऱ्याला एक छडी असे," अण्णा म्हणाले. "आणि चूक ऐकून गप्प बसणाऱ्याला दोन. मी एकदाच खाल्ल्या दोन. माझ्याहून मोठा होता तो मुलगा, मला वाटलं, कसं बोलायचं. पुन्हा कधी गप्प बसलो नाही." ते हळूच उठले. आपला पाट उचलून भिंतीला टेकून ठेवला, मग माझाही. डबी उचलून आत गेले.

पुढचे महिने मला आठवले तरी नकोसं होतं. अण्णा रागावले नव्हते. मला भाजीचं विचारीत, गंगेला पाणी किती आलं ते सांगत, कोर्टाचं काही निघालं की उठून जात. पहाटे मला जाग येई ती सवयीने, आणि पाट भिंतीलाच असत. मी पुन्हा परीक्षेला बसायचं ठरवलं, एकटा वाचू लागलो, मनातल्या मनात, ओठ न हलवता. किती वेळा वाटलं की जाऊन पाय धरावेत आणि म्हणावं, चुकलो. जेवताना समोर बसले की शब्द गिळले जात. बायको म्हणाली, "परत तेच करताय." तिचं बरोबर होतं, आणि तरी मी परत तेच केलं.

पुढच्या वर्षी पास झालो. मुंबईहून येताना नाशिक रोडला उतरून टांगा केला, घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बायकोने हातावर साखर ठेवली. मी अण्णांना नमस्कार करायला वळलो, तर खोलीत दोन पाट समोरासमोर मांडलेले. अण्णा बसलेले. डबी मांडीशी.

"म्हण," ते म्हणाले. "त्रेपन्नपासून."

मी प्रवासाच्या कपड्यांतच बसलो. त्रेपन्न म्हटलं, नवं. मग श्वास घेऊन त्रेपन्न-ए सुरू केलं, "व्हेअर एनी पर्सन काँट्रॅक्ट्स..." आणि टक् झालं. डबी वाजली. मला एकदम भरून आलं. वाटलं, म्हातारा माणूस, वर्षभराने पाटावर बसला, आज तरी त्यांचं राहू दे. मी थांबलो, मागे गेलो, आणि म्हणालो, "सेल इज अ ट्रान्स्फर ऑफ ओनरशिप." चोपन्न. जुन्या वाटेने, त्यांच्या वाटेने.

अण्णांनी डबी वाजवली नाही. बघत राहिले.

"का फिरलास?"

मी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सूनबाईंकडून चार महिने रोज दुपारी पाठ घेतोय मी, तू कोर्टात असताना. बदललेलं सगळं घेतलंय. पण त्रेपन्न संपलं की हाताला चोपन्नच माहीत. सवयीने वाजली डबी. माझी चूक होती ती. तुला ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मग का फिरलास? उद्या तिथे न्यायाधीशाने डबी वाजवली तर असाच फिरणार? आणि तुझ्या मागे जो उभा असेल, ज्याची जमीन आहे, त्याने कुणाकडे बघायचं?"

मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही. बायको दारात उभी होती, साखरेची वाटी हातात तशीच. मी म्हणालो, "चुकलो, अण्णा. त्या वेळीही आणि आत्ताही." वर्षभर राहून गेलेलं ते एवढंसंच होतं.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.

मी म्हटलं. त्रेपन्न-एला आलो, तेव्हा त्यांनी डबी वाजवली, या वेळी मुद्दाम, आणि जोरात. मी पुढे गेलो. पुन्हा वाजवली. शेवटच्या 'प्रोव्हायडेड दॅट'पर्यंत गेलो. त्या शब्दांना अण्णांची मान वर उचलली गेली, तशीच, पूर्वीसारखी.

मग त्यांनी डबी जमिनीवरून सरकवत माझ्या पाटाजवळ आणून ठेवली.

"आता मी म्हणतो," ते म्हणाले, आणि डोळे मिटले. दात नव्हते, दम मध्येच तुटत होता, पण सूर लागला. त्रेपन्न नीट झालं, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. क्षणभर थांबले. मी मनातून म्हणत होतो, या, अण्णा, इकडे या. आणि ते सरळ चोपन्नात शिरले, "सेल इज अ..."

मी हात पुढे केला, डबी उचलली आणि वाजवली.

अण्णा थांबले, मागे गेले, आणि त्रेपन्न-ए म्हणू लागले.